सातव्या तक्त्यातला एक निबंध

भोईरभाऊंच्या हाती लग्नपत्रिका दिली, की ते मुहूर्त पाहत नसत, नावे मोजत. आमच्या भिवंडीकडच्या गावांत पत्रिकेवर अख्खी भावकी छापण्याची पद्धत असल्यामुळे हे काम बराच वेळ चाले. मग चष्मा कपाळावर सरकवून ते निष्कर्ष सांगत : "वरच्या आळीनं खालच्या आळीची नऊ नावं घेतली. खालच्यांनी त्यांच्या पत्रिकेत यांचं एकबी घेतलं न्हवतं. उल्लेख एकतर्फी हाय, बाई." नवऱ्या मुलाचे नाव मात्र त्यांना विचारू नये.

भोईरभाऊ आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल आणि मी तेथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी. एम. फिल.च्या प्रबंधासाठी त्यांनी माझ्याच विषयाची नियतकालिके निवडली होती : ती कशी वाढली आणि त्यांत कोण कोणाचा संदर्भ देतो. विषय सोपा करून सांगते. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी, लेखकाने आधीच्या कोणत्या निबंधांचा आधार घेतला याची यादी असते. त्या यादीत तुमचा निबंध आला, तर तुमचा उल्लेख झाला. कुठेच आला नाही, तर तुम्ही लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच.

जुन्या पत्रिकांचे चौकोनी तुकडे कापून ते कोऱ्या बाजूवर एकेका निबंधाची नोंद करीत. एका अंगाला गणपती, दुसऱ्या अंगाला जीवाणू. बेरजा फक्त शुक्रवारी. त्या दिवशी निजामपुऱ्यातले कापडाचे लूम बंद असत आणि खडखडाट थांबला, की आकडे नीट ऐकू येतात, असे त्यांचे म्हणणे.

"तुमचे जीवाणू न् तुमची मासिकं, वाढ सारखीच," ते म्हणत. "आधी हळूहळू, मंग भराभर, मंग खायला संपलं की ठप्प. आपल्या लायब्ररीत तर खायला आधीच संपलंय." ते खरे होते. जगात नियतकालिके वाढत होती आणि आमच्या मांडणीवरून दर वर्षी एकेक बंद होत होते.

प्रबंधातला सातवा तक्ता त्यांना विशेष छळत असे. ज्यांचा कोणीही, कधीही उल्लेख केला नाही, अशा निबंधांची ती यादी. चहा पिता पिता ते त्यातली नावे हलक्या आवाजात वाचत. "या माणसानं चार वर्सं बशीत जीवाणू वाढवले असतील, बाई. कोनी न्हाय विचारलं."

प्रबंध टंकलिखित झाल्यावर त्यांनी तो मला तपासायला दिला. मी शुद्धलेखन पाहिले, स्वल्पविराम पाहिले आणि स्वच्छ म्हणून परत केला. बेरजा पाहिल्या नाहीत. भोईरभाऊंच्या बेरजा कोण पाहणार?

परीक्षकांनी पाहिल्या. मजकुरात अनुल्लेखित निबंधांची जी संख्या होती, तिच्यापेक्षा सातव्या तक्त्यात एक निबंध कमी भरत होता. दुरुस्त करून पाठवावा, असा शेरा आला.

रसायनशास्त्राचे ठाकूर सर स्टाफरूममध्ये भरपूर हसले. "काय भोईर, लग्नातली माणसं मोजता आणि स्वतःच्या पंगतीत एक पान कमी? टाका लिहून नाव, नाहीतर आकडा एकानं कमी करा!"

"आकडा बरोबर हाय," भोईरभाऊ म्हणाले. "नाव लिवायला न्हाय जमत."

मुदत टळली. पदवी राहिली. त्यांनी पुन्हा कधी बेरीज केली नाही. निवृत्त होऊन ते वडप्याला, पुतण्याच्या गोदामाच्या फाटकावर, ट्रकांचे नंबर लिहीत बसू लागले.

पुढे ग्रंथालयात संगणक आले आणि कार्डांचे लाकडी खण रद्दीत निघाले. ते तपासून देण्याचे काम माझ्याकडे होते. एका खणात भोईरभाऊंचे पत्रिकांचे तुकडे होते; सवयीने मी त्यांतली सातव्या तक्त्याची कार्डे प्रबंधाच्या प्रतीशी ताडून पाहिली. एक कार्ड जास्त भरले.

त्यावर माझे नाव होते. कापड रंगवण्याच्या सांडपाण्यात रंग खाऊन जगणाऱ्या जीवाणूंवरचा माझा एकुलता एक शोधनिबंध. नाल्यावरून पाण्याच्या बाटल्या आणताना पिशवी भोईरभाऊंनी धरली होती. खाली निळ्या शाईत, एकाखाली एक, एकेका शुक्रवारची तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे : पाहिले. नाही. पाहिले. नाही. कार्डाची बाजू भरली तेव्हा त्यांनी गणपतीच्या कडेने लिहिले होते.

मी ते कार्ड घेऊन वडप्याला गेले. फाटकावर स्टूल टाकून ते बसले होते. वही मिटून उठू लागले.

"बसा. भोईरभाऊ, एक नाव लिहिलं असतंत, तर पदवी मिळाली असती."

त्यांनी कार्डाकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

"तपासायला तुमच्याकडंच येनार व्हता ना तो तक्ता."

एक ट्रक आला. त्यांनी त्याचा नंबर लिहिला, पुन्हा वाचून पाहिला.

"आन् मी आपली दहाच वर्सांची मासिकं बघितली, बाई. मागनं आलेल्यांत असंल तुमचं नाव कुठंतरी. येतात ना अजून?"

"येतात," मी म्हणाले.

आमच्या ग्रंथालयातले शेवटचे मासिक त्याआधीच्या जूनमध्ये बंद झाले होते.