अभिप्रायाशिवाय गाडी हलणार नाही

सामान दारात, पासपोर्ट खिशात आणि गाडीची किल्ली दादाच्या मुठीत, अशी ती सकाळ होती. दादा म्हणजे घड्याळजींच्या बायकोचा थोरला भाऊ. विमानतळावर नवरा-बायकोला तोच सोडणार होता. पण घरातलं कुणी परदेशी निघालं की त्या देशावर दादाला कविता व्हायची, आणि तिच्यावर अभिप्राय मिळाल्याशिवाय त्याची गाडी जागची हलत नसे.

घड्याळजींची मुलगी तिकडे होती, हजारो वर्षांच्या पडक्या देवळांच्या गावात. नात जन्मली, रांगू लागली, तरी आजोबांनी तिला अजून कडेवर घेतलं नव्हतं. हे विमान चुकलं तर पुढचं कधी, देव जाणे.

"दाजी, वाचलीत ना कविता?"

"हो तर. छान आहे." कविता दुकानात, एका उघड्या घड्याळाखाली पडली होती.

"छान तर चहाही असतो. कुठलं कडवं आवडलं?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"वाचली नाहीत," म्हणत दादाने सोफ्यावर बैठक मारली. "हरकत नाही, मीच म्हणतो. छोटीच आहे."

बायको नवऱ्याच्या कानाशी लागली. "मान डोलवायची नाही. वा म्हणायचं नाही. संपली की 'अप्रतिम' म्हणायचं आणि उठायचं."

तिची भीती खरी होती. घड्याळजींचं उभं आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलेलं. चांगली ओळ कानावर पडली की मान त्यांच्या ताब्यात राहत नसे. बुवा त्यांना मुद्दाम समोर बसवायचे. असा श्रोता दिसला की गळा आपोआप खुलतो.

दादाने डोळे मिटले. त्याशिवाय त्याला कविता म्हणताच येत नसे. दोन कडवी घड्याळजी दगडासारखे बसले. मग आलं,

"छप्पर गेले, भिंती खचल्या, खांब तेवढे उभे,
ओझे सरले, सवय सुटेना, पेलत बसले नभे."

घड्याळजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वा," ते म्हणाले, "पुन्हा होऊ द्या."

बायकोने कपाळाला हात लावला.

दादाने डोळे उघडले. जन्मात त्याला कुणी 'पुन्हा' म्हटलं नव्हतं. "मग पहिल्यापासून घ्यावी लागेल," तो हळवा होऊन म्हणाला. "कविता मध्येच उचलता येत नाही."

दुसऱ्या खेपेलाही ती ओळ आली आणि मान गेलीच. तिसऱ्या खेपेला घड्याळजींनी मांडीवर ठेका धरला.

"अहो, गावाची घड्याळं दुरुस्त करता, एकदा भिंतीवरचं बघा," बायको म्हणाली. पण दोघंही आता घरात नव्हतेच, त्या देवळात होते. तिने भावाकडे नीट पाहिलं. डोळे मिटलेले, मूठ सैल. तिने अलगद किल्ली काढून घेतली आणि त्याच्या कोपराला धरलं. "चालू दे हं दादा, थांबू नकोस."

कविता म्हणत म्हणतच दादा जिना उतरला, मागच्या सीटवर बसला. गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा कुठे तो भानावर आला.

"गाडी कोण चालवतंय?"

"मी. तू डोळे मीट."

विमानतळावर खिडकीतली मुलगी 'बंद'ची पाटी लावतच होती. घड्याळजी आणि बायको बॅगा ओढत धावले. मागून हाक आली, "दाजी, अभिप्राय राहिला."

"तिथून कळवतो."

तिथे वेगळंच संकट होतं. आजोबांच्या मिशा दिसल्या की नात भोकाड पसरायची. कडेवर घेणं दूरच, जवळही येईना. घड्याळजी हिरमुसले. शेवटी मुलीने सगळ्यांना देवळं पाहायला नेलं. बघतात तर खरंच, छप्पर नाही, भिंती नाहीत, खांब मात्र आभाळ पेलत उभे. घड्याळजींच्या तोंडून कविता आपोआप सुरू झाली.

नात रडायची थांबली. टकमक बघू लागली. मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि आजोबांच्या कडेवर आली. कविता संपली, तसं पुन्हा भोकाड. घड्याळजींनी घाईघाईने खांबांची ओळ धरली. नात आणखीच किंचाळली.

"पहिल्यापासून घ्या," बायको म्हणाली. "मध्येच उचलता येत नाही." तिची स्वतःची मान कधीच डोलू लागली होती.

मुलीने फोन लावून पुढे धरला. "मामा, अभिप्राय आलाय, ऐक."

घड्याळजींनी पहिल्यापासून घेतली, नात रडायची थांबली आणि कविता शेवटपर्यंत झाली. मग दादाचा भरून आलेला आवाज आला, "कुठल्या कडव्याला थांबली रडायची?"