रंभावहिनींचं मत

फुटबॉलवर आपलंही एखादं मत असावं, असं मी ठरवलं तेव्हा मी मेथी निवडत होते. इतर माणसं मोठे निर्णय कुठे बसून घेतात कोण जाणे, माझे सगळे मेथी निवडतानाच होतात. (लग्नाचा होकारसुद्धा. आई काहीतरी विचारत होती, मी जुडी सोडत होते, मान हलली.)

मत असण्याची गरज अशी पडली, की त्या वर्षी पिंपरीच्या आमच्या कॉलनीत दुसरा विषयच नव्हता. कंपनीच्या टीमने कधी नव्हे ते स्पर्धेत लागोपाठ मॅचेस जिंकल्या होत्या. पहिल्या शिफ्टची माणसं घरी आली, हातपाय धुऊन झाले, की आमच्या जिन्यावर सभा भरायची. चहा अर्थातच आमच्याकडून. आमचे हे प्रेस शॉपला, पत्रे दाबणाऱ्या मशीनवर. आयुष्यात त्यांनी पायाने फक्त सायकल मारली, पण टीमबद्दल असे बोलत जणू अकराही पोरं त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलीत. स्टोअरमधले लक्ष्मणराव कबड्डीवाले. ते रोज येत, फुटबॉल हा खेळच नव्हे हे सांगायला. आणि वरच्या मजल्यावरचे सोपानराव, मूळ मोशीचे, घरची शेती सांभाळून कंपनीत येणारे.

"आधी कोच बदला," लक्ष्मणराव सुरुवात करत. "साहेबराव माणूस चांगला, पण कोच म्हणून काही नाही. आमचा कबड्डीचा कोच बघा, पोरांना कसा पळवतो."

"व्हय, बघितलं की," सोपानराव म्हणत. "मागल्या साली पहिल्याच फेरीत घरी पळवत आणली."

"ती पंचाची चूक होती."

"दरसाली पंचच चुकतोय. तुमची पोरं काय चुकायची न्हाईत."

असं रंगात आलं, की समोरच्या दारातून आवाज येई. "राइट हाफ पुढं सरकतच नाही. सेंटर फॉरवर्ड एकटा तिथं काय करणार, गवत उपटणार?"

ही रंभा. उंबऱ्यात बसून तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता बोलायची. माहेर खडकीचं, वडील लष्कराच्या कारखान्यात, घरासमोर मैदान. म्हणजे आम्ही मुली ज्या वयात सागरगोटे खेळतो त्या वयात ही ऑफसाइडवरून भांडत होती. तिचे यजमान उद्धवराव आत रेडिओ उघडून बसलेले असत, त्यांना राइट हाफशी काही देणंघेणं नव्हतं. पण जिन्यावरचे सगळे तिच्याकडे वळून बघत, आणि मग आमचे हे मांडीवर थाप मारून म्हणत, "एक्झॅक्टली."

हा शब्द त्यांनी मला कधी म्हटला नव्हता. मी इंटरपर्यंत शिकलेली, लॉजिकमध्ये वर्गात पहिली. तरी मी काही बोलले, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "हं, बघू."

जेवताना मी विचारायची, "भाजी कशी झालीय?"

"राइट हाफ कमी पडतोय," हे म्हणायचे. "रंभावहिनी बरोबर बोलल्या."

मला मत्सर वाटला असं मी म्हणणार नाही. मला फक्त रंभाची एकेक गोष्ट दिसू लागली. तिचा स्टोव्ह भपकत नाही. तिचं दूध उतू जात नाही. ती वेणी न बघता घालते आणि ती सरळ येते. मी आरशात बघून घालते आणि ती डाव्या खांद्याकडे झुकते. माझी इच्छा फार मोठी नव्हती हो. ह्यांनी एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं, "आमची ही असं म्हणते."

म्हणून मेथीच्या त्या जुडीवर मी ठरवलं. मत हवं.

आता मत आणायचं कुठून? पेपरातलं खेळाचं पान वाचून पाहिलं, त्यात एकही वाक्य मला घरी वापरता येण्यासारखं नव्हतं. मॅच म्हणाल तर मी एकदाच पाहिली होती, तीही आमच्या लेकाला, नागसेनला, कडेवर घेऊन. म्हणजे अर्धा वेळ मॅच आणि अर्धा वेळ त्याच्या तोंडातली माती. पण नागसेनने मला एक गोष्ट शिकवली होती. हा मुलगा चालायला शिकलाच नाही, एकदम पळायला शिकला. दार उघडं दिसलं की जिन्याकडे. आणि जिना म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पडलेलं मूल, दवाखाना, टाके, सासूबाईंचे शब्द, सगळं क्रमाने येतं. त्याला अडवताना मला कळलं होतं, की पोराच्या तोंडाकडे बघू नये. ते डावीकडे बघून हसतं आणि उजवीकडे पळतं. पायांकडेही बघू नये. बघायचं कमरेकडे. कंबर खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर चहाचा ट्रे ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"कोंडीराम चेंडूकडे बघतो," मी म्हणाले. आवाज ठरवला होता त्यापेक्षा वरच्या पट्टीत लागला.

कोंडीराम म्हणजे आमचा गोलकीपर. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मग गोलकीपरनं कुठं बघायचं, वहिनी?" लक्ष्मणरावांनी विचारलं. "आकाशाकडं?"

"कमरेकडे."

सोपानरावांनी चहात लक्ष घातलं. आमच्या ह्यांनी घसा साफ केला, म्हणजे आता आत जा. पण मी गेले नाही. नागसेन, जिना, कंबर, सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता कानशिलं तापली.

"कबड्डीत हेच शिकवतात," लक्ष्मणराव नाराजीने म्हणाले.

रंभाचे तांदळातले हात थांबले. "खरंय की," ती म्हणाली. "आमच्या खडकीला एक कीपर होता, तो असंच बघायचा. वहिनी, तुम्ही लाख बोललात."

आणि मग, रंभाने मान डोलावल्यावर मग, आमचे हे म्हणाले, "एक्झॅक्टली."

तो एक्झॅक्टली माझा होता की रंभाचा, यावर मी दुसऱ्या दिवशी सगळं धुणं धुतलं. ह्यांच्या शर्टाची कॉलर झिजली, निकाल लागला नाही.

पण मत निघालं होतं फिरायला. ह्यांनी ते कँटीनमध्ये साहेबरावांच्या कानावर घातलं. साहेबरावांनी कोंडीरामला सांगितलं, सेमीफायनलच्या आधी करून बघ. कोंडीराम आज्ञाधारक मुलगा. प्रॅक्टिसला समोरून येणाऱ्या फॉरवर्डच्या कमरेकडे त्याने इतकं मन लावून बघितलं, की चेंडू येऊन नाकावर बसला तेव्हाही तो कमरेकडेच बघत होता. नाक वांग्याएवढं झालं. दुसरा गोलकीपर भावाच्या लग्नाला बार्शीला गेलेला.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते सायकल हातात धरून, चालत.

"साहेबरावांनी विचारलं, ही अक्कल कुणाची," हे म्हणाले.

माझं काळीज सुपाएवढं झालं. "मग? काय सांगितलंत?"

"माझी म्हणालो."

मी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला.

"चार माणसांत बायकोचं नाव कसं घेणार? तर म्हणाले, एवढं कळतं ना, मग उद्या तूच उभा राहा." ते भिंतीला टेकून खाली बसले. "अगं, तू कशाला बोललीस?"

अशा रीतीने त्या मताचं श्रेय मला पहिल्यांदा मिळालं.

सेमीफायनल कासारवाडीच्या एका कंपनीशी. आम्ही बायका मैदानाच्या कडेला, गोलच्या जवळच, सतरंजी टाकून बसलो. कोंडीराम सहा फुटी. त्याची जर्सी आमच्या ह्यांच्या गुडघ्यापर्यंत आली होती, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती. गोलमध्ये उभे राहिले तेव्हा वाळत घातल्यासारखे दिसत होते. त्या दांडग्या पोरांची लाथ बसली तर? हाताला लागलं तर प्रेसवर कोण उभं राहणार? मी मनातल्या मनात म्हणत होते, हरू देत, पण सगळे अवयव घेऊन येऊ देत. खरं सांगते, शिट्टी झाली तेव्हा माझ्या डोक्यात रंभाचा विचारही नव्हता.

पण मग रंभा उठून उभी राहिली.

"भाऊजी, पुढं या," ती ओरडली. "अँगल कमी करा."

अँगल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं, की माझ्या नवऱ्याला सगळ्या मैदानासमक्ष दुसरी बाई पुढे बोलावते आहे.

"अहो, मागे व्हा," मी ओरडले.

हे जागचे हलले नाहीत. चेंडू त्यांच्या बाजूने आत गेला. एक गोल.

"डावीकडं, भाऊजी, डावीकडं."

"उजवीकडे, अहो."

नागसेन माझ्या पदराला धरून होता. सोपानरावांच्या कुटुंबाने, कुसुमताईंनी, त्याला उचलून घेतलं तेही मला कळलं नाही. (ज्या बाईला मूल शेजारच्या खोलीत गेलं तरी धडधडतं, तिला.) रंभा वर म्हणाली की मी खाली म्हणत होते. ती थांबा म्हणाली की मी पळा. बायका आधी हसत होत्या, मग सरकून बसल्या. आणि आमचे हे खांबासारखे उभे. मला वाटलं, बिचारे, दोघींच्या मध्ये अडकलेत. पण दुसरा विचार लगेच आला, आणि तो गोड होता. निदान तिचं तरी ऐकत नाहीत.

आमच्या पोरांनी कसेबसे दोन गोल केले. मग अगदी शेवटी कासारवाडीवाल्यांना पेनल्टी मिळाली. समोर एक राक्षस, मध्ये चेंडू, आणि पलीकडे आमचे हे, एकटे. मैदान गप्प झालं. आम्ही दोघी सोडून.

"डावीकडं."

"उजवीकडे." आणि तिथे माझा आवाज फाटला. पुढचं 'अहो' हवेतच राहिलं.

राक्षसाने लाथ घातली. हे ना डावीकडे गेले, ना उजवीकडे. होते तिथेच मटकन खाली बसले, आणि चेंडू त्यांच्या छातीवर आदळून बाहेर गेला. आम्ही जिंकलो. साहेबरावांनी ह्यांना खांद्यावर घेतलं, पण जर्सी इतकी लांब, की ती डोळ्यांवर येऊन साहेबरावांना चालताना पुढचं दिसेना.

घरी आल्यावर मी त्यांची छाती शेकायला घेतली. तवा तापवला, फडक्याची घडी केली, आणि उरलासुरला आवाज गोळा करून विचारलं, "शेवटी कुणाचं ऐकलंत?"

"काय?"

"कुणाचं ऐकलंत?"

"थांब जरा." त्यांनी कानात करंगळी घातली आणि कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातला.

प्रेस शॉपची माणसं मशीनच्या आवाजापायी कानात कापूस घालतात, खिशात तो असतोच. पण मैदानात?

"रंभावहिनींनी सुचवलं," हे म्हणाले. "सकाळी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, भाऊजी, वहिनी ओरडणार, मी पण ओरडणार, आमच्यानं काही गप्प बसवायचं नाही. तुम्ही आपला कापूस घाला. कुणाचंच ऐकू नका, माझंसुद्धा." त्यांनी समाधानाने उसासा सोडला. "किती मोठ्या मनाची बाई. तू काही म्हणत होतीस का मॅचमध्ये?"

"नागसेनला हाका मारत होते," मी म्हणाले. तेवढ्यावर माझा आवाज संपला.

दुसऱ्या दिवशी तो मुळीच निघेना. संध्याकाळी जिन्यावर सभा भरली ती नेहमीच्या दुप्पट. कोंडीरामचं नाक अजून उतरलं नव्हतं, दुसरा गोलकीपर बार्शीहून परतला नव्हता, म्हणजे फायनलला हेच उभे राहणार होते. आता ते पेनल्टी कशी अडवायची यावर बोलत होते. "वेळ आली की आपोआप कळतं," असं काहीसं. खरी गोष्ट त्यांनी छाती शेकताना मला एकटीला सांगितली होती, की चेंडू येताना त्यांनी घाबरून डोळे गच्च मिटले होते.

नागसेनला कसाबसा झोपवून मी बाहेर आले. रंभा माझ्याजवळ सरकली, ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, घशाला त्रास देऊ नका. काय सांगायचंय ते खुणेनं सांगा, मी बोलते."

मला तिचा राग यायला हवा होता. पण फायनल तोंडावर होती, आणि त्या मैदानात माझाच नवरा उभा राहणार होता. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. मग पायाने चेंडू मारल्यासारखं केलं. मग दोन्ही डोळे बोटांनी ताणून उघडे धरून दाखवले.

रंभाने नीट बघून घेतलं. "भाऊजी," ती म्हणाली, "चेंडू येताना डोळे मिटू नका. शेवटपर्यंत उघडे ठेवा, निम्मं काम तिथंच होतं."

आमचे हे चहाचा कप हातात तसाच धरून राहिले. मग लक्ष्मणरावांकडे वळले.

"ऐकलंत? ह्याला म्हणतात जाण," ते म्हणाले. "रंभावहिनी, खरं सांगतो, तुमच्यासारखं बारकाईनं बघणारं एक माणूस जरी आमच्या घरात असतं ना."

"अहो, हे मी नाही, वहिनींनीच," रंभा म्हणू लागली.

"तुमचा मोठेपणा," हे म्हणाले.

मी उठले. आवाज बसलेल्या माणसालाही दार आपटता येतं, हे मला त्या क्षणी सुचलं. मी आत गेले आणि सगळा जीव एकवटून दार आपटलं.

नागसेन दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं. मला अंगाई म्हणता येईना, त्याला गप्प हो म्हणता येईना. मी थोपटत राहिले, तो रडत राहिला. शेवटी दार ढकलून रंभा आत आली, तिने त्याला खांद्यावर टाकलं, आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या नाहीत तोच तो झोपला.