अकरा पंचावन्नचा तह

शांतता वेळेवर झाली तरच ती शांतता. उशिरा झाली तर तिला युद्धच म्हणतात. म्हणून त्या मोठ्या युद्धाच्या अखेरीस तहाच्या मसुद्यात एक कलम घातलं गेलं: दुपारी बाराच्या आत सह्या न झाल्यास मसुदा रद्द, लढाई चालू.

दोन्हीकडची शिष्टमंडळं समंजस होती. हद्दी, कैदी, पूल, सगळं सकाळीच मिटलं. बाराला पाच कमी असताना एकच प्रश्न उरला, डावीकडची सही कुणाची? एवढा नाजूक प्रश्न पाच मिनिटांत सुटत नसतो. तेव्हा दालनातलं भिंतीवरचं घड्याळ थांबवावं असं ठरलं. समोरच्या गल्लीतल्या घड्याळजीला बोलावलं. त्याने लंबक धरला आणि काळ थांबला. मग तीन तास विचारविनिमय झाला, मध्ये जेवण झालं, आणि दोन प्रती करून एकेका प्रतीवर एकेकाला डावी बाजू द्यावी असा तोडगा निघाला. (दोन प्रती सकाळपासून टेबलावरच होत्या.) सह्या झाल्या तेव्हा भिंतीवर अकरा पंचावन्नच वाजले होते.

आघाडीवर भिंत नव्हती. तिथे त्या तीन तासांत एक हजार चारशे बारा सैनिक मेले.

त्यांची व्यवस्था लावण्यासाठी आमचा कालविसंगती निवारण कक्ष स्थापन झाला. मी तिथे एकोणीस वर्षं वरिष्ठ लिपिक होतो, आणि इतकं सरळ काम मी दुसरीकडे पाहिलं नाही. अकरा पंचावन्ननंतर शांतता होती. शांततेत कुणी लढाईत मरू शकत नाही. तरी जो मेला, त्याने एक तर शांतताभंग केला, नाहीतर तो आधीच मेला होता आणि त्याचं घड्याळ पुढे होतं. शांतताभंगवाल्यांना स्मारकाच्या दगडावर जागा नाही. घड्याळवाल्यांना आहे, फक्त घड्याळ तीन तास पुढे असल्याचा जाणकाराचा दाखला हवा.

एक हजार चारशे अकरा कुटुंबांनी दाखले आणले (एका चष्मेवाल्यानेच सातशे दिले). राहिला एक, घड्याळजीचाच मुलगा. तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याचं मनगटी घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं होतं.

घड्याळजी बायकोला घेऊन माझ्या टेबलापाशी बसला. जाणकार तोच, त्यामुळे नुसती सही करायची होती. एवढी सोय कुणाचीच झाली नव्हती.

"घड्याळ पुढे नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "निघताना मीच लावून दिलं होतं. महिन्यात अर्धं मिनिट चुकायचं नाही."

"म्हणजे काका, भिंतीवरचं चुकलं म्हणता?"

"चुकलं कुठे? ते मी थांबवलं."

हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.

"अहो, करा ना सही," बायको म्हणाली. "घड्याळाचं काय घेऊन बसलात? माझ्या पोराचं नाव तरी कुठेतरी राहू दे."

त्याने सही केली. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्या दिवशी कक्षाचं काम शंभर टक्के पूर्ण झालं, हेही खरं.

तह आजवर टिकून आहे. मुलाचं नाव दगडावर आहे. आई दर महिन्याला जाऊन त्यावरची धूळ पुसून येते. नियमाप्रमाणे तो दाखला आम्ही सूचना फलकावर लावला, तुम्हीही वाचला असेल. ज्याने पोटच्या पोराला तीन तास चुकलेलं घड्याळ बांधून पाठवलं, त्याच्याकडे आपलं घड्याळ कोण देणार? वर्षभरात दुकान बंद पडलं.

खरं काय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. तुम्हालाही. तरी दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आलात, आणि त्याला म्हणालात, "राहू दे काका, जरा घाई आहे."