दोन खोल्या माहेरी

सातव्या महिन्यात वृषाली तोडकर बाळंतपणासाठी माहेरी गेली, तेव्हा रीतीप्रमाणे तिच्याबरोबर घरातल्या दोन खोल्याही गेल्या.

एक मूल असेल तर एक खोली जाते, हे सगळ्यांना माहीतच असतं. पोटातल्या बाळाला आपल्या घराची सवय राहावी म्हणून ती जाते, बाळंतिणीबरोबर राहते आणि बाळ घरी यायला निघालं की परत येते. बहुतेक घरांतून बेडरूम जाते. मिरजेत एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रणजित तोडकरने मनाची तयारीही बेडरूमपुरतीच केली होती. पण सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आहेत हं," आणि वृषाली टेबलावर पडल्या पडल्या हसायला लागली. रणजितही हसला. मग दवाखान्याचा जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं, की म्हणजे हॉलही जाणार.

न्यायला मेहुणा गाडी घेऊन आला. घरात दुसरी बाई नव्हती, म्हणून शेजारच्या मगदूम वहिनींनी वृषालीची ओटी भरली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत रणजित खाली उभा राहिला आणि वर येऊन त्याने दार उघडलं, तर हॉल गेलेला होता. पलीकडे बेडरूमही नव्हती. स्वयंपाकघर आणि बाथरूम तेवढं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी वसमतहून सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, पोचल्या बघा दोन्ही खोल्या. हॉल अंगणाकडं लागला, बेडरूम न्हाणीच्या मागं. काळजी करू नका."

"काही फुटलं-तुटलं नाही ना?"

"घड्याळ तेवढं मागं पडलंय. लांबचा प्रवास म्हणल्यावर पडणारच की."

खोली गेल्यावर मागे जी जागा उरते, तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. पाऊल टाकलं तर टिकतं. भिंती नसतात, पण वाराही लागत नाही. फक्त चालण्याचा आवाज येत नाही, आणि रणजितला पहिले काही दिवस त्याचाच त्रास झाला. दारातून स्वयंपाकघरात पोचलो तरी आपण घरी आलो की नाही, हेच कळेना. तो बूट घालून चालून बघायचा, मुद्दाम खोकून बघायचा. शेवटी त्याने तो नाद सोडला.

संध्याकाळी वृषालीचा फोन यायचा. "पंखा तस्साच टकटक करतोय हो," ती म्हणायची, "त्यामुळे झोप बरी लागते."

"फोन जरा पंख्याखाली धर ना."

ती धरायची आणि तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून आपल्या पंख्याची टकटक ऐकायचा. ती आपल्या घरी होती, तो नव्हता. त्याला घराची फार आठवण यायची, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण जगाच्या हिशेबाने घरी तर तोच होता.

आता, गेलेल्या खोलीची जागा धरावी लागते. रोज रात्री घरातल्या माणसाने त्या जागेत झोपायचं. नाही झोपलं, तर शेजारच्या खोल्या सरकतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. मोकळं दिसलं की खोल्या पसरतात, माणसांसारख्याच. पण जागा गेली की खोली परत येत नाही, आणि ती ज्या बाळाची असते ते बाळही आजोळीच राहतं. एका बाळाचा बाप जागेत गादी टाकतो, आणि भागतं. जुळ्यांच्या घरी दुसऱ्या जागेत आजोबा, काका असं कुणीतरी झोपतं. रणजितचे आई-वडील गेलेले, पाठचं-पुढचं भावंड नाही. दोन जागा होत्या आणि माणूस एक होता.

आधी त्याने अर्धी रात्र इकडे, अर्धी तिकडे असं करून बघितलं. अर्धवट झोपलेलं धरत नाहीत. मग पतसंस्थेतल्या त्याच्या सहकाऱ्यांना विचारलं. त्यांनी "डबल अभिनंदन" म्हणून पेढे मागितले आणि झोपायचं म्हटल्यावर प्रत्येकाच्या घरी काही ना काही निघालं. मेहुणा यायला तयार होता, पण तो वसमतच्या घरचा, इथला नव्हे. मग रणजितने आपल्याकडे कुणीही केलं असतं तेच केलं. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा बेडरूमच्या जागेत रुमाल टाकला आणि स्वतः हॉलच्या जागेत झोपला.

सकाळी मगदूम वहिनींची भिंत वीतभर आत आली होती. रुमाल घडी करून कडेला ठेवलेला होता.

"वहिनी, तुमची भिंत सरकलीय," तो दारात जाऊन म्हणाला.

वहिनी ओशाळल्या. "तरीच कपाटामागं झाडू जायला लागलाय. आम्ही काय मुद्दाम केलं नाही हो दादा. पण रुमालानं काय होतंय? माणूस निजवा की."

तो सासऱ्यांनाही बोलला. ते मायेनेच म्हणाले, "एक लेकरू ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या इथं. काय परक्याच्या घरी हाय का? दिवाळीला भेटतील की दोघं एकमेकाला." रणजित बरं म्हणाला, फोन ठेवला आणि रडला. कोणतं राहणार, हे त्याने ठरवायचं होतं.

दोन्ही बाळांची सगळी तयारी त्याने ओट्याखाली मांडून ठेवली होती. दोन झबली, दोन टोपडी, आईच्या जुन्या पातळांची त्याने स्वतः शिवलेली वाकड्या टाक्यांची दुपटी, आणि दोन छोट्या वाट्या. वाट्यांवर नावं अजून घालायची होती. त्याने एक वाटी उचलून बघितली आणि परत दुसरीशेजारी ठेवली.

समोरच्या दारात उपळेकर काका राहायचे. निवृत्त चित्रकला शिक्षक. चार वर्षांत रणजित त्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलला नव्हता, कारण त्यांच्याबद्दल माहीत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. त्यांच्या दारामागे फक्त गॅलरी होती. खाट, स्टोव्ह, कुंडी आणि गॅलरी. त्या दिवशी तो जिन्यात बसलेला दिसल्यावर काका थांबले.

"रुमाल टाकलात म्हणे."

"हो."

"मी सतरंजी टाकली होती," काका म्हणाले. "मुलगी झाल्याचा निरोप आला. बायकोचं माहेर भोर, काही लांब नाही, म्हटलं एक रात्र जाऊन तोंड बघून यावं. आलो तर शेजारच्या पाटोळ्यांचा हॉल इथपर्यंत. बाकीच्या खोल्यांनीही मग धीर सोडला. पाटोळे माणूस चांगला. अजून दिवाळीला फराळाचं ताट पाठवतो."

"आणि मुलगी?"

"भोरलाच वाढली. ती, तिची आई, खोली. मी सणावाराला जातो. माझ्याच बेडरूममध्ये मला पाहुण्याची उशी देतात." काकांनी थोडा वेळ कठड्यावर बोट फिरवलं. "मी झोपू का तुमच्याकडे?"

सोसायटीचे सेक्रेटरी शिरढोणकर यांनी हे प्रकरण नीट ऐकून घेतलं. "माणूस घरातलं पाहिजे," ते म्हणाले.

"घरातलं म्हणजे कोण?"

"ज्याच्या नावाचं भांडं त्या घरात आहे, तो. बाकी नाती बिती आम्ही बघत नाही."

रणजितने घरी येऊन सगळी भांडी खाली काढली. आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, वृषालीचं होतं, वास्तुशांतीला आलेल्या डब्यांवर मामांचं होतं. मामाही गेले. गेलेली माणसं चालतात का, हे त्याने शिरढोणकरांना फोन करून विचारलं. चालत नाहीत. तेव्हा तो बाजारात गेला, स्टीलचं एक ताट घेतलं आणि दुकानदाराला नाव सांगितलं. मशीन कर्र करत फिरलं. 'भा. के. उपळेकर.'

"सप्रेम भेट घालू?" दुकानदाराने विचारलं.

"नको. नुसतं नाव."

शिरढोणकरांनी ताट उलटसुलट बघितलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. काका त्याच संध्याकाळी वळकटी घेऊन आले.

"काका, पण तुमची गॅलरी?" रणजितने विचारलं. "तिथे कोण झोपणार?"

"तिच्यावर रुमाल टाकून आलोय," काका म्हणाले आणि त्यांनी गादी झटकली.

रणजित यावर काही बोलायला हवा होता. तो बोलला नाही. त्याला दोन मुलं हवी होती.

भिंत तिथेच थांबली. काका बेडरूमच्या जागेत पडल्या पडल्या बोलत राहायचे. आंबा काढताना आधी देठ काढायचा नाही. हात काढायचा तर मुठीपासून सुरू करायचं. वर्गात सांगतात तसं, सावकाश, समोर कुणी नसताना. काही दिवसांनी वृषाली फोनवर म्हणाली, "बेडरूममध्ये बसलं ना, की एक बाळ अगदी शांत होतं. कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं तिथे. आणि हॉलमध्ये बसलं की दुसरं सारखं लाथा मारतं."

रणजित त्या रात्री हॉलच्या जागेत आडवा झाला. काय बोलावं त्याला सुचेना. "मी इकडे आहे," एवढंच तो म्हणाला. मग रोज म्हणायला लागला.

दिवस भरायच्या आधीच, एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. वृषालीला दवाखान्यात नेलं होतं, कळा सुरू झाल्या होत्या, डॉक्टर काही नीट सांगत नव्हते. रणजितने पिशवी भरली. वसमतला जाऊन यायचं म्हणजे निदान एक रात्र जाणारच. तो दाराशी आला तेव्हा काका जिना चढून वर येत होते.

"निघालात?"

"तिला भीती वाटत असेल हो काका."

"वाटणारच," काका म्हणाले. ते बाजूला सरकले, त्यांनी वाट दिली. त्याला थांबवलं नाही, की जा म्हणाले नाहीत. रणजितने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या दाराकडे. त्याने पिशवी खाली ठेवली आणि आत जाऊन हॉलच्या जागेत, जिथे सोफा असायचा तिथे बसला. काकांनी चहा केला. तो गार झाला. दिवेलागणीला फोन वाजला आणि त्यातून आधी एक रडणं आलं, मग दुसरं. मुलगा आणि मुलगी. वृषाली सुखरूप होती. "तुम्ही हवे होतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला लागलं.

बारसंही त्याने फोनवरच ऐकलं. निहार आणि रेवती. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने दोन वाट्यांवर नावं घालून आणली.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी रणजित चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाला आणि त्याला स्वतःच्या पावलांचा आवाज आला. हॉल आला होता. सोफा, टीव्ही, मागे पडलेलं घड्याळ, सगळं होतं. पलीकडे बेडरूमही आली होती, वीतभर अरुंद. कपाटाचं दार पुरतं उघडत नव्हतं. काका तिथे पलंगाशेजारी फरशीवर उठून बसले होते आणि वर पंख्याकडे बघत होते.

दुपारी गाडी आली. वृषाली वाळली होती आणि सुंदर दिसत होती. मगदूम वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. रणजितने निहारला घेतलं. तो टकामका बघत राहिला, रडला नाही. मग त्याने रेवतीला घेतलं आणि तिने भोकाड पसरलं. तेवढ्यात आत काका खोकले. ती एकदम थांबली, मान तिकडे वळवली आणि ओळखीचं हसली. रणजितने तिला काकांच्या हातात दिलं. द्यावंच लागलं. काकांनी तिची मूठ दोन बोटांत धरून नीट बघितली.

"चला," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तुमची माणसं आली." त्यांनी मूल परत दिलं आणि वळकटी काखेत मारून ते समोर गेले.

त्यांनी आपलं दार उघडलं. उंबऱ्याला लागूनच पाटोळ्यांची भिंत होती, नवा रंग दिलेली. खाली रुमाल घडी करून ठेवला होता. काकांनी वाकून तो उचलला.

रणजित आपल्या दारात उभा होता. त्याच्या मागे वृषाली स्वयंपाकघरात जेवणाची मांडामांड करत होती. तिने फळीवरून ताटं काढली, एकावरचं नाव वाचलं आणि हाक मारली, "अहो, उपळेकर काकांच्या नावाचं ताट आपल्याकडे कसं?"

"आपल्यातलेच आहेत," रणजित म्हणाला.

"मग बोलवा की त्यांना. वाढलंय मी."

काकांनी हे ऐकलं. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, नीट लागलंय ना ते ओढून बघितलं, आणि किल्ली रुमालात बांधून खिशात टाकून ते जेवायला आले.