अर्धी बॅटरी

आमच्या शेजारच्या गंगाधरमामांकडे गल्लीतला सगळ्यात मोठा इन्व्हर्टर आहे, आणि लाइट गेली की ते पंखा बंद करतात. नांदेडच्या मे महिन्यात! डोक्यावर ओला टॉवेल टाकून ओट्यावर बसतात. अर्धी बॅटरी राखून ठेवायची, हा त्यांचा नियम. "लाइट काय सांगून जाती का, सर?"

मी हसायचो. विजेचा साठा किती भरवशाचा, यावर माझी पीएचडी आहे. कॉलेजात तेच शिकवतो. मामा उमरीच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. आता रिटायर, एकटेच. माझ्या आईला ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते इन्व्हर्टरवर किती तास चालेल, असं मामा येता-जाता विचारायचे. मी ऐटीत सांगायचो की आपल्याकडे लाइट सरासरी दोन तास जाते, माझी बॅटरी चार तासांची.

मामा टॉवेल पिळत म्हणायचे, "सरासरीवर मशीन चालत न्हाई."

ऑक्सिजनचं जादाचं सिलिंडरही मी परत केलं होतं. जागा अडवत होतं ना!

परवा दुपारी वादळात खांब पडले. मी कूलर लावून मॅच बघत बसलो, गणित माझ्याच बाजूनं होतं. तिसऱ्या तासाला कूलरनं बॅटरी संपवली आणि मशीन बंद पडलं. आईला धाप लागली, ओठ निळे पडायला लागले. मी ॲम्ब्युलन्सचा नंबर लावायला लागलो. पीएचडी गेली चुलीत.

तेवढ्यात मामा भिंतीवरून वायर टाकून आत आले. मशीन सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला. वायर बरोब्बर आईच्या खाटेपर्यंत पोचली होती. कधी मोजली, विचारलं.

"दिवाळीत. त्यांना दवाखान्यातून आणलं तवाच."

म्हणजे उन्हाळाभर हा माणूस आमच्यासाठी घामाघूम होत होता. मला लाज वाटली. आधी सांगितलं का नाही, म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही दोन कूलर लावले असते."

खरंच लावले असते. मग ते आईकडे बघत हळूच म्हणाले, "जेवलास का, म्हणून एवढी एकच बाई विचारती मला."

सिलिंडर परत आणलंय. आता लाइट गेली की आमचाही पंखा बंद असतो. ओट्यावर ओले टॉवेल घेऊन आम्ही दोघं बसतो, आणि आतून आई विचारते, "गंगाधर, जेवलास का रे?" मला कोणी विचारत नाही. बरोबरच आहे.