विचुंब्याची थबकणारी गाडी

"गुन्हेगार माझ्याकडे बघायचं का टाळतो, निनाद? कारण त्याला ठाऊक असतं, की हा माणूस नुसत्या नजरेनं कबुलीजबाब घेईल. निरीक्षण माझ्या श्वासात आहे, तर्क माझ्या रक्तात आहे..."

"आणि चटणी तुमच्या मिशीत आहे, भाऊजी."

गुरुदत्त टिपणीसांनी मिशी पुसली, पण वाक्य मागे घेतलं नाही. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, योगासनं करतात. टिपणीसांनी कार्डं छापून घेतली: 'गुरुदत्त टिपणीस, गुप्तहेर. पनवेल, नवीन पनवेल आणि आग्रह झाल्यास उरण.' आजवर त्यांनी सोसायटीतल्या दुधाच्या पिशव्यांची चोरी उघडकीला आणली होती. त्या दिवशी दूधवाला आलाच नव्हता, ही गोष्ट वॉचमननं नंतर सांगितली, त्यामुळे ती टिपणीस जमेला धरत नसत.

निनाद हा त्यांचा मेहुणा. शिकवण्या संध्याकाळी असल्यानं त्याची सकाळ मोकळी, आणि हेच त्याचं दुर्दैव. "ह्यांच्याबरोबर जात जा रे," सुनीताताईनं सांगितलं होतं, "नाहीतर हे एकटे जातील." टिपणीसांच्या स्कूटरला ब्रेक नावालाच होते. थांबायचं असलं की मागे बसलेल्या निनादनं दोन्ही पाय रस्त्याला घासायचे, असा शिरस्ता पडला होता. सहायक झाल्यापासून त्याचे चपलांचे जोड भराभर झिजत होते.

त्या सकाळी दारात समीक्षा म्हात्रे उभी होती. विचुंब्याच्या बळीराम म्हात्र्यांची सून, उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर.

"काका, आज मुद्दाम रजा काढून आलेय. माझी नवीन गाडी मधेच ब्रेक मारते. मी नाही मारत, तीच मारते. समोर कोणी आडवं आलं की आपोआप थांबायची सोय आहे तिच्यात. पण समोर कोणी नसतंच! मोकळ्या रस्त्यावर गपकन थांबते. काल मागून रिक्षानं ठोकलं, आणि रिक्षावाला मलाच म्हणतो, ताई, घरी बसा."

"गाडी कसली?"

"इलेक्ट्रिक."

"म्हणजे आमच्याच खात्याची!" टिपणीस खुर्चीत ताठ झाले. "कंपनीचं काय म्हणणं?"

"दोनदा नेली. दोन्ही वेळा म्हणाले, गाडीत काही दोष नाही, मॅडमनी जरा सावकाश चालवावी." समीक्षा उंबऱ्यावरच बसली. "आता घरात पण सगळे तेच म्हणतात. रविवारी बाबा माझ्याकडून चावी काढून घेणार. माझी शिफ्ट सकाळी लवकरची, त्या वेळी तिकडं जायला दुसरं काही मिळत नाही. चावी गेली की नोकरी गेली. काका, मला चालवता येत नाही असं मलाच वाटायला लागलंय हो."

निनादला तिचं फार वाईट वाटलं. आपल्याशिवाय तिला दुसरं कोणी भेटलं नाही, याचं तर जास्तच.

टिपणीसांनी गाडी थांबलेल्या सगळ्या जागांवरून समीक्षाबरोबर फेरी मारली. एस.टी. स्टँडजवळ ते एकदम ओरडले, "सापडलं! गाडी जिथं जिथं थांबली, तिथं तिथं वडापावची हातगाडी आहे. या वाहनाला वास येतो!"

"भाऊजी, पनवेलमध्ये कुठंही थांबलं तरी समोर वडापावची हातगाडी असते."

"म्हणूनच तर हा कट इतक्या मोठ्या प्रमाणावर आहे," टिपणीस म्हणाले, आणि पुराव्यादाखल त्यांनी दोन वडापाव खाल्ले.

दुसरा तर्क म्हात्र्यांच्या शेजारच्या परेशवर गेला. परेश पेट्रोलच्या जुन्या गाड्यांचा व्यवहार करायचा, तेव्हा विजेच्या गाडीवर त्याचा दात असणारच. टिपणीसांनी त्याला कोंडीत पकडून विचारलं, "गुरुवारी तू कुठं होतास?" परेश म्हणाला, "तुमच्याच स्कूटरचे ब्रेक बघत होतो. बदला म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, गुप्तहेर थांबत नसतो." टिपणीसांनी तो संशयित सोडून दिला.

मग ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर धडकले. तिथला प्रितम हा पोरगेला इंजिनिअर अदबीनं म्हणाला, "सर, गाडी आली की आम्ही आधी धुतो, पुसतो, वरचं सगळं काढून ठेवतो आणि मग टेस्ट ड्राइव्ह घेतो. लोण्यासारखी चालते."

"वरचं सगळं म्हणजे?" निनादनं विचारलं.

"हार, फुलं, लिंबूबिंबू. धार्मिक असतं ना सर, टाकून कसं देणार? पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवतो."

निनाद आणखी काही विचारणार होता, पण टिपणीसांनी त्याला गप्प केलं. "फालतू प्रश्नांत वेळ घालवू नकोस. समीक्षा, इथून घरी जाताना गाडी थांबली का?"

"नाही काका. दोन्ही वेळा घरापर्यंत मस्त आली. दुसऱ्या दिवशी परत तेच."

टिपणीसांचे डोळे चमकले. "म्हणजे घातपात घरात होतो! गाडी अंगणात असताना कोणीतरी तिच्याशी खेळतं. उद्या सकाळी पाळत!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. उजाडल्यावर ते दोघं म्हात्र्यांच्या अंगणातल्या पेंढ्याआड बसले. टिपणीसांना पेंढ्यानं शिंका येत होत्या, आणि प्रत्येक शिंकेनंतर ते निनादला "शू!" म्हणत होते. इतक्यात घरातून समीक्षाची सासू शकूबाई बाहेर आली. हातात तारेत ओवलेली तीन लिंबं, मूठभर मिरच्या, कोळसा, बिब्बा आणि खाली एक काळी बाहुली, असा चांगला हातभर लांब ऐवज होता. तिनं गाडीला हात जोडले आणि पुढच्या बाजूला वाकली.

टिपणीस ताडकन बाहेर आले. "बाई! बाजूला व्हा! इथं तपास चालू आहे!"

"अगो बाय! कोन रं तू?" शकूबाई दचकली. "मला बांदू दे आदी. माज्या सुनंच्या गाडीला कोनाची तरी नजर लागलीय. पयलं एकच लिंबू बांदलं व्हतं. कंपनीवाल्यांनी काडून ठेवलं, तवा दोन बांदली. ती पन काडली, तवा परत दोन बांदली. तरी नजर हटंना, म्हनून काल ती सोडली. आता तीन बांदते, वर ही बावली. बगतेच कोनाची नजर टिकतं ती!"

"बांधा, बांधा. पण तार सैल आहे तुमची." टिपणीसांनी स्वतः वाकून तारेला दोन पीळ दिले. "हं! आता हलणार नाही. निनाद, काम करायचं तर असं करावं."

निनाद त्या बाहुलीकडे बघत राहिला. आत कुठंतरी काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते त्याच्या जिभेवर येईना.

समीक्षा कामावर निघाली. टिपणीस तिच्या शेजारी, निनाद मागे. अंगणातून बाहेर पडताच गतिरोधकावर गचका बसला, लिंबं उसळली, बाहुली नाचली, आणि गाडी जागच्या जागी अशी थांबली, की टिपणीसांच्या हातातलं हेरगिरीचं भिंग त्यांच्याच कपाळावर आपटलं. मागून दुधाची मोटारसायकल कचकन थांबली. समीक्षानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडायलाच लागली.

आवाज ऐकून घरातले सगळे धावत आले. सासरे बळीराम पुढे होते. त्यांनी सुनेपुढे हात केला. "चावी दे. रविवारची वाट बगायला नको. तुजा जीव जाल एखांद्या दिवशी. आमाला नोकरी नको नि गाडी पन नको."

"थांबा," टिपणीस कपाळ चोळत म्हणाले, "माझा चौथा तर्क असा, की या रस्त्याखाली पूर्वी..."

त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शकूबाई सुनेजवळ गेली, तिचे डोळे आपल्या पदरानं पुसले. "रडू नको गो. मला एक सांग. ही गाडी थांबतं ती म्होरचं बगून थांबतं ना? मंग हिचं डोलं कुटं हायत?"

समीक्षानं नाक पुसत बोट दाखवलं. "ते काय आई, पुढं, नंबरप्लेटच्या वर. त्या काळ्या पट्टीमागं."

सगळ्यांनी पट्टीकडे बघितलं. पट्टीसमोर तीन लिंबं, कोळसा, बिब्बा आणि एक काळी बाहुली मंद झुलत होती.

"आत्ता गो बाय!" शकूबाई मटकन खाली बसली. "हिच्या डोल्यांम्होरंच टांगलंय की मी! गचका बसला का माजी बावली नाचतं, नि हिला वाटतं कोन आडवा आला!"

निनाद हसला, मागोमाग समीक्षा हसली, रडता रडता. टिपणीसांनी घसा खाकरला. "मी नेमकं हेच सांगणार होतो. म्हणून तर मी तार घट्ट केली, की पुरावा पडू नये."

शकूबाईनं तार सोडवली. "तुला कोनाची नजर नको लागाया म्हनून केलं गो मी. नि तुलाच खाली बगाया लावलं."

"असू दे आई," समीक्षा म्हणाली. "निदान माझं ड्रायव्हिंग वाईट नव्हतं, एवढं तरी कळलं."

बळीराम टिपणीसांच्या जागी पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चल. स्टँडपर्यंत नेऊन आन मला." निनादही मागे बसला. गाडी गतिरोधकांवरून सुरेख गेली, बाजारातून गेली, वडापावच्या हातगाड्यांवरून तर ढुंकूनही न बघता गेली. स्टँडजवळ एक रिक्षा हात न दाखवता आडवी घुसली. समीक्षाचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडी थांबली, रिक्षापासून वीतभर अंतर राखून. बळीराम खिडकीतून डोकं काढून ओरडले, "ए! घरी बस तू!"

परत आल्यावर त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, "जा, उशीर व्हतंय तुला." चावीचं नाव परत निघालं नाही.

समीक्षा द्रोणागिरीकडे गेली. टिपणीसांनी स्कूटरला किक मारली. "गुंतागुंतीचं प्रकरण होतं, निनाद. अखेर नजर कामाला आली."

"कोणाची, भाऊजी?"

एवढ्यात शकूबाई तो तारेचा ऐवज घेऊन धावत आली. नंबरप्लेट कुठं आहे, दिवा कुठं आहे, काहीएक न बघता तिनं तो स्कूटरच्या हँडलला करकचून बांधला.

"अहो, हे काय? माझा विश्वास नाही!"

"नसू दे. आमच्या गाडीला ह्यानं नको तितका ब्रेक लागत व्हता. तुमच्या हिला जरा लागू दे."

टिपणीस रागानं सोडायला वाकले. मागच्या सीटवरून निनादनं झिजलेल्या चपलांकडे पाहिलं, आणि बाहुलीला मनापासून हात जोडले. "राहू द्या, भाऊजी," तो म्हणाला.