मोहिते काका आणि चुन्याचं पिवळं पाणी

मोहिते काकांना आयुष्यात कधी कावीळ झाली नाही, तरी ती उतरवून घ्यायला ते मुद्दाम आंबिवलीला गेलेले. तिथला माणूस आधी हातांना कसल्यातरी सालीचा रस चोळतो, मग हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतो. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. काकांचे ठणठणीत हात बुडाले, तरी पाणी पिवळंच.

"मला कसली कावीळ?"

"अंगात लपलेली."

"मग आता तुमचे हात बुडवा." तेव्हापासून तिथे काकांना कुणी आत घेत नाही.

डोंबिवलीत रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये जन्म काढलेला हा माणूस. कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी पाल्याचं नाव काढलं की यांचं सुरू, "कंट्रोल कुठाय?" म्हणजे औषध न घेतलेला, अगदी तसाच दुसरा पेशंट दाखवा, मग बोला.

माझं लिव्हर सुजलं तेव्हा वहिनीने शीळफाट्याहून काढ्याची बाटली आणली. काकांनी ती उजेडात धरली.

"यात काय आहे?"

"झाडपाला."

"धोतराही झाडच असतो गं. डॉक्टरला सांगितलंय?" मग माझ्याकडे वळून, "दारू सोडली आणि काढा धरला, एकदमच? बरं वाटलं तर श्रेय कुणाला देणार?"

खरं सांगायचं तर दारू सुटलीच नव्हती. काढा घेतोय ना, या भरवशावर क्वार्टर बिनधास्त चालू होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. काका मात्र जिन्यात भेटले की माझे डोळे न्याहाळायचे.

संशय मलाही होता. त्यांच्या ग्रिलमध्ये भुईआवळ्याची कुंडी होती. काविळीवर जो तो सांगतो, तोच पाला. एकदा पाणी घालताना त्यांना पकडलंच.

"काका, चोरून तुम्हीही घेता ना?"

"हिचं लिव्हर बिघडलं तेव्हा लावलेलं. डॉक्टरला विचारून द्यायचो. थोडे दिवस बरं वाटलं तिला. याने की गोळ्यांनी, काय माहीत."

"आणि कंट्रोल?" मी बोलून गेलो.

"कुठून आणू रे? एकच तर होती."

त्यांनी सुकलेलं पान खुडलं, कुंडी उन्हात सरकवली. "बाटली घे. डॉक्टरकडे जाऊ."

दवाखान्यात मी बाटली टेबलावर ठेवली. मग क्वार्टरचंही सांगितलं. बाहेर बाकावर काका माझ्या चपला सांभाळत बसलेले.